पावसाळ्याआधी बांधकामाच्या साइटवर पाण्याचा आराखडा कसा करावा

ठाण्यात वाघबीळच्या बाजूला एका साइटवर मी ज्युनिअर इंजिनिअर होते, तेव्हाची गोष्ट. बेसमेंटची खोदाई चालू होती. निघालेला मुरूम मागच्या नाल्याच्या कडेला रचला होता, कारण तिथून डंपर भरायला सोपं पडायचं. जूनमध्ये एका रात्री पाऊस लागला आणि उजाडेपर्यंत ढिगाची नाल्याकडची बाजू वाहून गेली. खालच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटाभर तांबूस चिखल. जिन्याच्या पायरीवर एक आजी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मुली, ही तुमच्याकडचीच माती ना गं?" मी हो म्हणाले. पुढचे दोन दिवस आमची माणसं तिथे फावडी मारत होती. पार्किंग स्वच्छ झालं, पण नाल्यातून खाडीत गेलेली माती काही परत आली नाही.

तेव्हापासून साइटच्या पाण्याचं काम माझ्याकडे आलं की मी एकच गोष्ट धरून बसते: पाणी गढूळ होऊच द्यायचं नाही. गढूळ झाल्यावर निवळवू, हा विचार आपल्या पावसात टिकत नाही. का, ते मी नव्या सुपरवायझरला बाटलीत दाखवते.

खड्ड्यातलं गढूळ पाणी एका पारदर्शक बाटलीत भरा, हलवा आणि खिडकीत ठेवा. वाळू बघता बघता तळाशी जाते. ०.१ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तीन तास लागतात. आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला बारा-तेरा दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. साइटवरच्या गाळ बसवायच्या टाकीत पाणी तेवढे दिवस थांबणार आहे का? हीच बारीक माती नाल्यातून खाडीत पोचली की खाऱ्या पाण्यात तिच्या गुठळ्या होतात आणि ती नेमकी तिथेच बसते, तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांवर.

एप्रिलमध्ये पाण्याच्या वाटेने चाला

आराखडा ऑफिसात बसून सुरू करू नका. ऑटो लेव्हल (जमिनीची उंची-उतार मोजायचं यंत्र), एक मदतनीस आणि प्लॉटचं ड्रॉइंग घेऊन उन्हातच बाहेर पडा. घोडबंदर रोडच्या प्लॉटना एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी. म्हणजे तुमच्या प्लॉटवर पडणाऱ्या पावसाशिवाय डोंगराकडून उतरणारं पाणीही तुमच्याकडे येऊ शकतं. ते कुठून आत शिरतं, ते आधी शोधा. कंपाउंडच्या पायथ्याशी गेल्या वर्षीचा गाळ, अडकलेला पालापाचोळा, भिंतीवरची पाण्याची रेघ, सगळं दिसतं. जवळच्या वॉचमनला किंवा जुन्या रहिवाशांना विचारा. जुलैत पाणी कुठे तुंबतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

हे वरचं पाणी स्वच्छ असतं. त्याला साइटमध्ये येऊच द्यायचं नाही. वरच्या हद्दीलगत चर खणा, आतल्या बाजूला मातीचा बांध घाला, चराच्या तळाला दगड किंवा जाड प्लास्टिक टाका म्हणजे चरच वाहून जाणार नाही, आणि ते पाणी बाजूने थेट नाल्याला लावा. या एका चराने माझं निम्मं काम हलकं होतं. स्वच्छ पाणी आणि साइटचं पाणी एकदा मिसळलं की सगळंच गढूळ मोजावं लागतं.

मग ड्रॉइंगवर बाणांनी उतार काढा, साइटचं पाणी बाहेर पडण्याच्या जागा लाल पेनने गोल करा. शक्यतो एकच जागा ठेवा, फार तर दोन. मातीचे ढीग, डिझेल, सिमेंट, मजुरांची वस्ती, मिक्सर धुण्याची जागा, सगळं याच कागदावर मांडा. हा कागद गेटजवळ लावायचा आहे, फाइलमध्ये नाही. म्हणून तो मराठीत आणि हिंदीत लिहा. मुकादमाला वाचता आला पाहिजे.

हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर, म्हणजे आपले चाळीस गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पडला तर एकरावर दोन लाख लिटर पाणी येतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर. त्यातलं निम्मं मुरलं असं धरलं तरी दहा टँकर पाणी तुमच्या गेटकडे धावत येतं.

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरायची असेल तर पावसाच्या पाण्याच्या प्रदूषणाचा असा आराखडा आधी लिहावाच लागतो. तिथे गाळ बसवण्याच्या तळ्याचं एक ठोकळ माप आहे: दर एकराला ३,६०० घनफूट, म्हणजे सुमारे १०२ घनमीटर. म्हणजे साधारण १४ मीटर लांब, ५ मीटर रुंद, दीड मीटर खोल टाकी. वरच्या हिशेबातलं पाणी आलं तर ही टाकी तासाभरात काठोकाठ भरते, आणि आपल्याकडे जुलैत तास-तासभराचे असे मारे पुन्हा पुन्हा येतात. म्हणून टाकी बांधाच, पण ती शेवटची चौकी समजा. टाकी रुंदीच्या निदान दुप्पट लांब ठेवा, पाणी एका टोकाला आत आणि दुसऱ्या टोकाला बाहेर, मध्ये दोन आडव्या भिंती, आणि बाहेर जाणारं पाणी तळातून न घेता वरच्या थरातून घ्या.

उघडी माती कमी ठेवा

पत्र्याच्या कुंपणावर पावसानंतर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तांबडे शिंतोडे दिसतात, ते नीट बघा. पावसाचा थेंबच माती फोडून उडवतो, वाहतं पाणी तिला नंतर उचलतं. म्हणजे थेंब आणि माती यांच्यामध्ये काहीतरी आलं पाहिजे.

सगळा प्लॉट एकदम उकरू नका. कॉन्ट्रॅक्टरला ते आवडतं, कारण पोकलेन एकदाच आणावा लागतो. यावर मी भांडते. ज्या भागाचं काम ऑक्टोबरनंतर आहे, तिथलं गवत आणि झुडपं तशीच राहू द्या. त्याहून स्वस्त आच्छादन बाजारात मिळत नाही.

उघडी राहणारी सपाट जागा भाताच्या पेंढ्याने झाका. मुरबाड-शहापूरकडून पेंढा मिळतो. एकराला साधारण दोन टन लागतो. उतारावर नुसता पेंढा वाहून जातो, तिथे काथ्याची जाळी अंथरा आणि सळईच्या आकड्यांनी जमिनीत घट्ट बसवा. मातीचा ढीग नाल्यापासून आणि गटारापासून निदान पंधरा मीटर दूर, पायाशी बांध, वर ताडपत्री. ताडपत्रीवर टायर किंवा खडीच्या गोण्या ठेवा. विटा ठेवल्या तर पहिल्याच वाऱ्यात ती उडते.

खालच्या हद्दीला गाळ अडवणारं कापड लावतात. इथे सगळीकडे होणारी चूक म्हणजे हिरवी जाळी लावणं. हिरवी जाळी धुळीसाठी आहे, चिखल तिच्यातून आरामात जातो. जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, घ्या आणि त्याची खालची कड पंधरा सेंटिमीटर खोल चरात पुरून माती धोपटा. पुरलं नाही तर पाणी खालून वाट काढतं. दोन्ही टोकं चढाकडे वळवा. आणि नाला वाहतो तिथे हे कापड आडवं लावू नका. त्याला वाहतं पाणी पेलत नाही, ते फाटतं.

हे सगळं कधी उभं राहायला हवं? पूर्वी मी १ जून लिहायचे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला आणि त्या दिवशी आमची ताडपत्री गोदामात होती. आता आराखड्यावर १५ मे असते.

खड्ड्यातलं पाणी आणि पंप

सगळ्यात जास्त चिखल पंपातून बाहेर जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. बेसमेंटमध्ये पाणी साचतं, काम थांबतं, वरून फोन येतो, आणि पंप थेट रस्त्याच्या गटारात सोडला जातो. आमच्या पंपावरचे मामा मला म्हणाले होते, "मॅडम, मला पाणी काढायला सांगितलं, मी काढलं." त्यांचं बरोबर होतं. पाणी कुठे सोडायचं, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून हे आराखड्यात लिहा आणि पंपावरच्या माणसासमोर उभं राहून सांगा. खड्ड्याच्या एका कोपऱ्यात भोकं पाडलेलं पिंप बसवा, भोवती खडी भरा, पंप त्या पिंपात तळापासून उंच टांगा. पाऊस थांबल्या थांबल्या पंप लावू नका, जड गाळ रात्रभर खाली बसू द्या. शेवटचं फूटभर पाणी राहिलं की पंप बंद. तो नुसता चिखल असतो. पंपाचं पाणी टाकीत, टाकीचं पाणी गटारात.

टाकीच्या तोंडाशी बाटलीत पाणी घ्या आणि बाटलीमागे वर्तमानपत्र धरा. मोठ्या अक्षरातला मथळा वाचता आला नाही तर सोडणं थांबवा. ही आमची साइटवरची झटपट खूण. नियमाचं माप वेगळं आहे: नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगते कण लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ लागतो, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्या. पाणी निवळतच नसेल तर तुरटी चालते, पण फक्त टाकीत, आणि आधी बाटल्यांमध्ये कमी-जास्त प्रमाण टाकून बघून. जास्त तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यातलं ॲल्युमिनियम माशांना बाधतं.

भरतीचं वेळापत्रकही पंपाजवळ लावा. साडेचार मीटरच्या वर भरती असली की नाल्यांना उतार मिळत नाही. त्या वेळी तुम्ही सोडलेलं पाणी शेजाऱ्यांच्या अंगणात जातं.

मधली दोन वर्षं मी सानपाड्याला होते. तिथे हा प्रश्न अजून नाजूक आहे. नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग सखल आहे, म्हणून सिडकोने तिथे धारण तलाव आणि झडपांची दारं केली. भरतीला झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत उतरतं. साइटवरून गेलेला गाळ या तलावात बसला की तेवढी जागा पाण्याला कमी. गाळावर खारफुटी उगवली की तो काढायलाही परवानग्या लागतात. आणि पलीकडे ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत.

गेट आणि काँक्रीट

गेटच्या आत पंधरा मीटरपर्यंत ५० ते ७५ मिलिमीटरचा दगड, पंधरा-वीस सेंटिमीटर जाड, खाली जिओटेक्स्टाइल. डंपरची चाकं तिथे चिखल सोडतात. दगड चिखलाने भरला की वरचा थर बदला. रस्त्यावर माती आलीच तर झाडून गोळा करा, पाइप लावून धुऊ नका. धुतलेली माती गटारातच जाते. गटाराच्या तोंडाशी गोण्या ठेवताना त्यात खडी भरा. मातीच्या गोण्या पावसात कुजतात आणि तीच माती गटारात जाते. तोंड पूर्ण बंदही करू नका, नाहीतर रस्ता तुंबतो.

काँक्रीट धुतलेल्या पाण्याला लोक चिखलच समजतात. तो चिखल नाही. त्याचा पीएच १२-१३ असतो, हातापायांची कातडी सोलून काढतो आणि मासे मारतो. काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम काँक्रीटच्या प्लांटवर जाऊन धुवायचा, साइटवर फक्त नळी आणि घसरण धुवायची. त्यासाठी जाड प्लास्टिक अंथरलेला खड्डा, वर पत्र्याचं छप्पर, मोठी पाटी. पाणी आटलं की उरलेला थर फोडून राडारोड्यात द्या. पायलिंगचा बेंटोनाइट (पायाची खोल भोकं ढासळू नयेत म्हणून वापरायचा मातीचा घोळ) नाल्यात सोडणं तर कधीच नको. तो निवळत नाही.

डिझेलची पिंपं छपराखाली, खाली कडा असलेला ट्रे, शेजारी भुशाची गोणी. शटरिंग ऑइलचंही (साच्याच्या फळ्यांना लावायचं तेल) तसंच. मजुरांचे संडास उताराच्या वर, नाल्यापासून दूर, आणि पावसाळ्याआधी त्यांची टाकी उपसून घ्या.

रोजची फेरी

अमेरिकेतल्या नियमात पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर पाऊस पडला की चोवीस तासांत साइट तपासावी लागते. ठाण्यात जुलैत तेवढा पाऊस जवळजवळ रोजचा, म्हणून आमच्याकडे फेरी रोज असते. सकाळी आठला आणि संध्याकाळी पंप बंद करताना. दोनशे-तीनशे रुपयांचं प्लास्टिकचं पर्जन्यमापक गेटजवळ लावा. वहीत पाच गोष्टी लिहा: पाऊस किती, टाकीत गाळ किती, कापड कुठे फाटलं, बाहेर जाणारं पाणी कसं, काय दुरुस्त केलं. फोटो काढा. आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाचं नाव लिहा, म्हणजे कामाची जबाबदारी ठरते.

वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यातल्या अटी ही वही बघूनच तपासता येतात. छोट्या साइटलाही सूट नाही. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ ओढ्या-नाल्यात प्रदूषण करणारं काही टाकू देत नाही, मग प्लॉट केवढाही असो.

टाकी एक तृतीयांश भरली की गाळ काढा, पावसाळा संपायची वाट बघू नका. काढलेला गाळ नाल्याच्या काठावर टाकू नका, पुढच्याच सरीत तो जाईल. बांधाच्या आत वाळवा, जोत्याच्या आतल्या भरावात चालण्यासारखा असेल तर इंजिनिअरला विचारून वापरा, नाहीतर नेमून दिलेल्या जागी पाठवा. किती डंपर निघाले, ते मोजून आराखड्याच्या कागदावरच तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या एप्रिलला टाकीचं माप ठरवताना मी आधी तोच आकडा बघते.