आमदारांकडे जायचंय? आधी घरी कोण बसणार ते सांगा

घरात डिमेन्शियाचं, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचं माणूस आहे आणि अशांसाठी दिवसाचं केंद्र मागायला आमदारांना भेटायचंय, तर काय न्याल? निवेदन, आधार कार्ड, चष्मा, पाण्याची बाटली. हे सांगायला नको. मागच्या खेपेला मी हे सगळं नेलं होतं, फाइलला प्लॅस्टिकचं कव्हरसुद्धा घातलं होतं. घरी माणूस मात्र धड ठेवला नव्हता. घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोच्या मावशींनी साडेनऊला कळवलं, ‘ताई, आज जमत नाही.’ मग शेजारच्या काकूंना ‘अर्धा तास बसा हो’ म्हणून मी रिक्षा पकडली. जनसंपर्क कार्यालयात दीड तास ताटकळले, एकदाची आत बसले, गोष्ट अर्ध्यावर आली आणि फोन वाजला. काकू गॅसवरचं दूध बघायला घरी गेल्या तेवढ्यात सासूबाई बाहेर पडल्या होत्या. सापडल्या लक्ष्मीनारायण टॉकीजपाशी, हातात पिशवी, वाईची एसटी कुठे लागते विचारत. मी धावत सुटले. मागणी सांगायची राहिलीच.

म्हणून सगळ्यात आधी घरी दोन माणसं ठरवा. एक बसणारं आणि एक, ते आलं नाही तर येणारं. दोघांनाही कडी कुठे लावायची, गोळी कधीची, ‘मला घरी सोड’ म्हटल्यावर काय बोलायचं हे आदल्या दिवशी दाखवून ठेवा. ‘अर्धा तास’ म्हणू नका. भेट अकराची असली तर दोनपर्यंत सांगा. एक वाजेपर्यंत आत बोलावलं तरी नशीब.

आता कुणाकडे जायचं. आरोग्य हा राज्याचा विषय, तेव्हा आमदारच. नगरसेवकांकडे विरंगुळा केंद्रापुरतं जा. अधिवेशन सुरू असताना आमदार मुंबईत नाहीतर नागपुरात असतात, शिवाय तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, बरेच दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून अधिवेशनाच्या चांगलं महिनाभर आधी गाठा. २१ सप्टेंबरला अल्झायमर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) दिन असतो खरा, पण पुण्यात तो मुहूर्त धरू नका. त्या सुमाराला अनेकदा गणपती असतात, कार्यालयात पावतीपुस्तकांशिवाय काही दिसत नाही.

गोष्ट एकच सांगायची, तीन मिनिटांची. मी आठ वर्षांचा इतिहास निदानापासून सुरू केला होता, तो कोण ऐकणार? या वेळी फक्त संध्याकाळचे पाच. पाच वाजले की आमच्या आई पिशवी भरतात: देव्हाऱ्यातली घंटा, एकाच पायाची चप्पल, पोळीचा तुकडा. वाईचं घर विकून पंचवीस वर्षं झाली, पण त्यांना दिवेलागणीच्या आत तिथे पोचायचं असतं. रोज. त्या पिशवीपायी मी नोकरी सोडली आणि ब्यूरोला महिन्याला १८,००० जातात. एवढं पुरे. न्हाणीघरातलं सांगू नका. फोटो नकोत. आईंना विचारून त्यांची परवानगी मिळणार नाही, म्हणून नणंदेला तरी आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, दिवाळीपर्यंत बोलणं बंद होतं.

घरी दुसऱ्या माणसाला फोन केलात का? नसेल तर पुढचं नंतर वाचा.

‘वय झालं की होतंच की हे,’ असं ऐकावं लागेल. चिडू नका. म्हातारे सगळेच होतात, हा आजार सगळ्यांना होत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. दुसरा प्रश्न, सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड मिळतं ना? मिळतं, ५ लाखांचं, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. आम्हाला दाखल करायचंच नाहीये, दुपारचे चार तास कुणीतरी सांभाळायला हवंय.

तीच मागणी. एक वाक्य, मोठ्या अक्षरात, निवेदनाच्या वरच्या भागात: मतदारसंघात डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित माणसांसह दिवसाचं केंद्र. ‘आमदार निधीतून बघू’ म्हणाले तर खूश होऊन उठू नका. त्या निधीतून खोली होते, पगार होत नाहीत. पगारासाठी आरोग्य खात्याकडे प्रश्न लावायला सांगा. केरळने २०१४ साली सरकारी कार्यक्रम काढला, त्यात अशी केंद्रंही आहेत, हेही सांगा. मागणी गोष्टीच्या आधी बोला. घरून फोन आलाच तर ती तरी झालेली असेल.

दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच. पीएंचा नंबर. आभाराचा मेसेज दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवसांनी विचारणा, मग दर महिन्याला. फोन दुपारी करा. पाचनंतर पिशवी निघते.