प्लास्टरपूर्वीची तयारी : नव्या घरातील स्विच आणि वायरिंग

स्विच कुठे आणि कोणते असावेत, हा प्रश्न बहुतेक घरांत रंगाच्या डब्यांबरोबर निघतो, आणि तोवर त्याचे उत्तर भिंतीत गाडले गेलेले असते. म्हणून सर्वप्रथम भिंत कशाची आहे, याची चौकशी करावी. पुण्यातल्या हिंजवडी, वाकड, बाणेर या बाजूंच्या अनेक नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात, सबंध काँक्रीटच्या भिंती ओतलेल्या असतात आणि पाइप व बोर्डाचे डबे ओतकामाच्या वेळीच आत बसवलेले असतात. या भिंती इमारतीचा भार वाहतात; त्यांत झिरी मारू म्हणणारा वायरमन कितीही हुशार असला तरी त्याचे ऐकू नये. अशा घरात बिल्डरकडून विद्युत आराखडा मागून घेऊन जो काही बदल हवा तो त्या मजल्याचे ओतकाम होण्यापूर्वी लेखी कळवावा. ती वेळ टळली असेल, तर फॉल्स सीलिंगमधून नेलेली लाइन किंवा भिंतीवरची केसिंग पट्टी एवढेच मार्ग उरतात. विटांच्या वा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत झिरी मारता येते, पण कॉलम आणि बीम तेथेही वर्ज्यच.

त्यानंतर फर्निचरसह घराचा आराखडा कागदावर काढून घरातल्या प्रत्येकाच्या सकाळ-संध्याकाळच्या हालचाली त्यावर ठरवाव्यात. दार कोणत्या बाजूला उघडते हे पाहून बोर्ड नेहमी कडीच्या बाजूला घ्यावा, नाहीतर तो उघड्या दाराच्या मागे जातो. जमिनीपासून चार ते साडेचार फूट ही नेहमीची उंची आहे; घरात वृद्ध किंवा चाकाच्या खुर्चीवर वावरणारी व्यक्ती असेल, तर ती साडेतीन फुटांपर्यंत खाली आणावी. बेडरूमच्या दिव्याला एक स्विच दाराशी आणि दुसरा उशाशी, असा टू-वे पर्याय ठेवावा. पॅसेजला आणि जिन्याला तर तो हवाच. त्यासाठी दोन्ही स्विचच्या दरम्यान दोन जादा वायरी टाकाव्या लागतात, त्यामुळे हे आयत्या वेळी आठवून उपयोग नसतो. वायरमन आणि सुतार यांना एकदा तरी एकत्र उभे करून भिंतीवर खडूने खुणा कराव्यात, कारण वॉर्डरोबच्या पाठीमागे गेलेला बोर्ड हा प्रकार फारच सर्रास आढळतो.

बिल्डरच्या छापील यादीत न सापडणाऱ्या काही जागा आपल्याकडे लागतातच, त्या स्वतः लिहून काढाव्यात. गॅलरीच्या छताला आकाशकंदिलाचा पॉइंट घेऊन त्याचा स्विच दिवाणखान्यात ठेवला, की दर दिवाळीला खिडकीच्या फटीतून वायर ओढावी लागत नाही. गणपती जिथे बसवायचा त्या कोपऱ्यात आरासीसाठी दोन सॉकेट, आणि देवघरात दिव्याचा स्वतंत्र स्विच असावा. घरगुती पिठाची गिरणी, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशिन यांना ज्याला आपण पंधरा अँपिअर म्हणतो तो, म्हणजे 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. ओट्यावर मिक्सरसाठी 6 अँपिअरचा एक सॉकेट पुरेल, ही समजूत नव्या स्वयंपाकघरात टिकत नाही. गॅलरीत पावसाचे झोत येत असतील, तर तेथील सॉकेटला झाकण असलेला जलरोधक डबा घ्यावा.

वायरींच्या जाडीत मात्र काटकसर करू नये. दिवे-पंख्यांसाठी 1.5 चौरस मिलिमीटर, 16 अँपिअरच्या सॉकेटसाठी 2.5, आणि गिझर व एसी यांना प्रत्येकी 4 चौरस मिलिमीटरची थेट डीबीपासून, म्हणजे घरातल्या साऱ्या लाइन जिथून निघतात त्या पेटीपासून, निघालेली स्वतंत्र लाइन, अशी साधारण मांडणी ठेवावी. दोन किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टला सुमारे 8.7 अँपिअर घेतो, आणि तो तासन्‌तास चालू राहिला तरी वायर तापू नये, एवढी सवड या मापांत असते. एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह होताच लाइन तोडणारा स्विच, यंत्रापेक्षा वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणून दिव्यांच्या लाइनवर 6 किंवा 10 अँपिअरचा आणि 2.5 च्या वायरीवर 16 अँपिअरचाच बसवावा, सारखा ट्रिप होतो म्हणून मोठा टाकून घेऊ नये. माणसाच्या जीवासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, लागतो, आणि तो असला तरी प्रत्येक सॉकेटला अर्थिंग हवेच. गिझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर आणि डबल पोलचा, म्हणजे वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल या दोन्ही वायरी एकदम तोडणारा, असावा.

इन्व्हर्टर आज घ्यायचा नसला, तरी त्यावर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांची लाइन आताच वेगळी काढावी आणि तिची न्यूट्रलही वेगळीच ठेवावी. इतर लाइनच्या न्यूट्रलशी ती मिसळली, की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो आणि कारण शोधताना वायरमनचे दिवस जातात. मोबाइलवरून चालणारे स्विच पुढेमागे घेण्याचा विचार असेल, तर प्रत्येक स्विचबोर्डात एक न्यूट्रल वायर आणून टोक बंद करून ठेवावी, कारण त्यांतल्या बहुतेकांना ती लागते आणि साध्या स्विचच्या डब्यात ती सहसा आणलेली नसते.

खरेदीला पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, जावे, पण तेथे जाण्याआधी कंपनी ठरलेली असावी. एका कंपनीचे मॉड्यूल, म्हणजे प्लेटमध्ये बसणारा सुटा स्विच वा सॉकेट, दुसरीच्या प्लेटमध्ये बहुधा बसत नाही, त्यामुळे भिंतीत डबे बसण्यापूर्वीच हा निर्णय व्हावा. नमुन्याचा स्विच हातात घेऊन उलटा करावा. मागची टर्मिनल पितळेची आहेत का, स्क्रू सैल केला तरी जागेवर राहतो का, वायरीच्या साऱ्या तारा आत शिरतील एवढे भोक मोठे आहे का, हे पाहावे. बाहेर राहिलेल्या दोन-तीन तारांतूनच पुढे ठिणगी उडते. सॉकेटच्या भोकांना आतून सरकती झडप असावी, लहान मुले असतील तर नक्कीच. आयएसआय चिन्हाबरोबर स्विचवर आयएस 3854, सॉकेटवर आयएस 1293 आणि वायरीवर आयएस 694 हे क्रमांक तपासावेत. अंधारात दिसणारा लाल ठिपका असलेले इंडिकेटर स्विच शोभिवंत असले, तरी त्यांच्यामुळे काही एलईडी दिवे बंद केल्यावरही मंद लुकलुकतात, म्हणून ते मोजक्याच ठिकाणी वापरावेत. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे आणि रिमोटवर वेग बदलणारे, पंखे घ्यायचे असतील, तर रेग्युलेटरचे पैसे वाचवावेत. काचेच्या चकचकीत प्लेटा कितीही मोहक वाटल्या, तरी स्वयंपाकघरात तेलकट बोटांपुढे साधी पांढरी प्लेटच बरी.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. पाइप टाकून झाले, की प्लास्टरपूर्वी प्रत्येक भिंतीचे मापाची टेप धरून फोटो काढून ठेवावेत. पुढे पडद्याचा रॉड ठोकताना ते लागतात. स्विच फेजवरच आहे, न्यूट्रलवर नाही, हे प्रत्येक दिव्यासाठी टेस्टरने तपासून घ्यावे. सर्व उपकरणे काढून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, चाचणी करावी, आकडा 1 मेगाओहमच्या खाली येता कामा नये. आरसीसीबीचे टेस्टचे बटण दाबून तो पडतो का, तेही समोर पाहावे. डीबीच्या झाकणाच्या आत कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, हे मराठीत लिहून चिकटवलेले असावे, आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता या चाचण्या झाल्यावरच द्यावा.