वर्गात टीव्ही आला, आता या चुका टाळा

लोकवर्गणी जमते, जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही येतो, गावकऱ्यांसमोर नारळ फुटतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच त्या चुका सुरू होतात. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या शाळांत माझं जाणं-येणं असतं. यंत्र बिघडलं म्हणून मला बोलावतात, पण बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, घाई नडलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हिडिओ लावून आपण बाजूला होणं. ही मीसुद्धा केली आहे, म्हणून सविस्तर सांगते. सहावीला चंद्रकलांचा सहा मिनिटांचा व्हिडिओ लावला होता. रंगीत चित्रं, छान मराठी निवेदन. मुलं डोळे लावून बसली होती, तेवढ्यात मी पोषण आहाराची नोंद उरकून घेतली. संपल्यावर विचारलं, “अमावास्येला चंद्र का दिसत नाही?” सगळ्या वर्गाचं एकच उत्तर आलं, “बाई, पृथ्वीची सावली पडते.” हे तर चंद्रग्रहणाचं उत्तर! चूक मुलांची नव्हती. पडद्यावर मावावा म्हणून त्या व्हिडिओत चंद्र पृथ्वीला अगदी खेटून काढला होता. तसं चित्र बघून कुणालाही सावलीच आठवेल. प्रत्यक्षात दोघांच्या मधल्या अंतरात सुमारे ३० पृथ्वी ओळीनं मावतात.

दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद ठेवला. फुटबॉल म्हणजे पृथ्वी, टेनिसचा चेंडू म्हणजे चंद्र. फुटबॉल फळ्याखाली ठेवला आणि एका मुलीला चेंडू घेऊन मागं मागं जायला सांगितलं. साडेसहा मीटर भरता भरता तिची पाठ मागच्या भिंतीला टेकली. वर्गात एकदम शांतता! मग खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि एक बल्ब पेटवला. प्रत्येकानं काडीला खोचलेला थर्माकोलचा गोळा डोक्यापेक्षा जरा वर धरायचा आणि स्वतःभोवती सावकाश फिरायचं. कोर, अर्धा, पूर्ण, सगळं हातातल्या गोळ्यावर दिसू लागलं. एकाचा हात खाली आला आणि तो ओरडला, “बाई, माझ्या डोक्याची सावली पडली, ग्रहण लागलं!” चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असते, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हे सांगायला मग दोन वाक्यं पुरली. त्यानंतर तोच व्हिडिओ चार ठिकाणी थांबवून दाखवला. “यात चंद्र फार जवळ काढलाय,” हे मुलांनीच मला सांगितलं.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. व्हिडिओ घरी दोनदा बघायचा, कुठे थांबायचं ते मिनिट-सेकंदासह टाचणवहीत लिहायचं, रिमोट हातातून सोडायचा नाही. नवीन शिक्षक विचारतात, “मॅडम, सगळ्या इयत्तांचे व्हिडिओ एकाच पेनड्राइव्हमध्ये द्याल का?” मी देत नाही. चव न बघता पानात वाढल्यासारखं होतं ते.

दोन शिक्षक आणि चार वर्ग असतील, तर तिसरीला टीव्हीसमोर बसवून चौथीला शिकवावं लागतं, ही अडचण मी समजू शकते. तरी जाताना एक प्रश्न फळ्यावर लिहून जा आणि परत आल्यावर त्याचं उत्तर विचारा.

अंगणात जास्वंद फुललेली असताना फुलाचे भाग पडद्यावर दाखवू नका.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड वर्गात उभं राहून स्कॅन करू नका. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणण्यासाठी जे काम केलं, त्याची २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझनं जगभर दखल घेतली गेली. आपण मात्र रेंज शोधत व्हरांड्यात फिरतो आणि तास संपतो. आदल्या दिवशी जिथे नेट मिळेल तिथे दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर मजकूर डाउनलोड करून ठेवा, मग वर्गात नेट लागत नाही.

पेनड्राइव्ह टीव्हीला दिसत नसेल तर तो फॅट३२ या साठवणीच्या प्रकारात फॉरमॅट करून, म्हणजे पुसून नव्यानं तयार करून बघा, पण आधी आतला मजकूर दुसरीकडे काढून घ्या. या प्रकारात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, हेही लक्षात ठेवा. दिव्याचा प्रोजेक्टर भिंतीवरच्या बटणानं थेट बंद करू नका. रिमोटनं बंद करा, पंखा थांबेपर्यंत थांबा.

आता फॉन्टबद्दल. यावर मी कितीही वेळा बोलले तरी दर महिन्याला एक फाइल येतेच. एका शाळेत पालक मेळाव्यासाठी सरांनी रात्र जागून स्लाइड केल्या होत्या. पालकांसमोर टीव्हीवर उघडल्या, तर मुलांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. सरांचा चेहरा उतरला, ते मला आजही बघवत नाही. कृतिदेव, श्रीलिपी यांच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फॉन्ट त्या यंत्रावर नसेल, तर मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. “आमच्याकडे तर दिसतंय” या उत्तराचा उपयोग नाही.

सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच राहते त्या पद्धतीत टाइप करा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला मला तीन आठवडे लागले, रोज अर्धा तास. पळवाट शोधू नका, शिकून घ्या. दाखवायची प्रत पीडीएफ करून न्या आणि त्याच टीव्हीवर आदल्या दिवशी उघडून बघा. जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्या असतील, तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा, हमखास तिथंच गडबड राहते.