सुजलेले डोळे, लघवीचा नमुना आणि नेफ्रिटिक-नेफ्रोटिकचा निवाडा

पावसाळा सरत आला की विदर्भातल्या खेड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत "सकाळी उठल्यावर पोराचे डोळे सुजतात" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आया हमखास दिसू लागतात. इथे नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टर मित्रांना माझे पहिले सांगणे असे की, नेफ्रिटिक आणि नेफ्रोटिक या मूत्रपिंडाच्या दोन विकारांतील फरकाचा पाठ केलेला तक्ता आठवण्याआधी ग्लोमेरुलसमध्ये (मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छात) नेमके काय बिघडले असेल याचा विचार करावा, कारण सगळी लक्षणे त्यातूनच उलगडतात.

नेफ्रोटिकमध्ये गाळणी गळते. पोडोसाइटना (गाळणीला बाहेरून वेढणाऱ्या पेशींना) इजा झाल्याने अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीवाटे निघून जाते (प्रौढांत 24 तासांत 3.5 ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने), रक्तातील अल्ब्युमिन घटते, अंगभर सूज चढते आणि यकृताचे कामकाज बदलून कोलेस्टेरॉल वाढते, लघवीला फेस येतो, पण रक्तदाब बहुधा ठीक असतो. नेफ्रिटिकमध्ये मात्र दाहामुळे गाळण्याचे कामच मंदावते, त्यामुळे लघवी कमी होते, मीठ-पाणी साचते, रक्तदाब व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य) वाढतात आणि इजा झालेल्या भिंतींतून लाल पेशी बाहेर पडून लघवी तपकिरी दिसते.

आमच्याकडे नेफ्रिटिकची वाट बहुतेकदा त्वचेतून जाते. खरूज खाजवून चिघळते, तिच्यात स्ट्रेप्टोकोकस हा जिवाणू शिरतो आणि साधारण 3 ते 6 आठवड्यांनी मूत्रपिंडाला दाह होतो; घशाच्या संसर्गानंतर हा काळ 1 ते 2 आठवड्यांचा असतो. तोवर फोड वाळलेले असल्याने आई त्यांचा उल्लेखही करत नाही. म्हणून मुलाची बोटे फाकवून बेचक्यांत आणि मनगटावर खपल्या किंवा काळसर डाग आहेत का, हे स्वतः पाहावे. सर्दी-घसादुखी सुरू असतानाच लघवी लाल झाली असेल, तर आयजीए नेफ्रोपॅथीचा (ग्लोमेरुलसमध्ये आयजीए प्रतिपिंडे साचण्याच्या आजाराचा) विचार करावा.

यानंतर लघवी स्वतः तपासावी, आणि ती ताजीच हवी, कारण ठेवलेल्या नमुन्यात पेशी व कास्ट (मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत तयार झालेले नळीच्या आकाराचे साचे) विरघळतात. परीक्षानळीचा वरचा भाग तापवल्यावर गढूळपणा आला तर ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकावेत. फॉस्फेट असेल तर तो निवळतो, प्रथिने असतील तर तसाच राहतो. मग गाळ सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश कमी करून बघावा, विशेषतः कव्हरस्लिपच्या कडेला, कारण कास्ट तिथे जमतात. लाल पेशींचा एक जरी खात्रीचा कास्ट दिसला, तरी रक्त ग्लोमेरुलसमधून येत असल्याचे तो जवळजवळ निश्चित सांगतो. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्या लघवीतही रक्त येते, पण ते बहुधा मूत्रपिंडाच्या पॅपिलातून (आतल्या टोकातून) येत असल्याने असे कास्ट नसतात. मेळघाटासारख्या भागातील कुपोषित मुलाच्या पायांवर सूज असेल, तर अल्ब्युमिन कमी असूनही लघवीत प्रथिने नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

हा निवाडा केवळ परीक्षेपुरता नाही, आणि म्हणूनच मी त्याबाबत आग्रही आहे. नेफ्रिटिक मुलाला मीठ-पाणी कमी करून फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध दिल्याने आराम पडतो, तर दुर्लक्षित रक्तदाबाने झटके येऊ शकतात. त्यामुळे रक्तदाब मोजण्याचा मुलाच्या दंडाच्या मापाचा पट्टा (कफ) केंद्रात असलाच पाहिजे. तेच औषध नेफ्रोटिक मुलाला सढळ हाताने दिले, तर आधीच कमी असलेले रक्तवाहिन्यांतले द्रव आणखी घटून शॉक बसू शकतो किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. लहान मुलांतील नेफ्रोटिकचे नेहमीचे कारण मिनिमल चेंज (साध्या सूक्ष्मदर्शकात गाळणी जवळजवळ सामान्य दिसते असा आजार) असते आणि ते प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद देते, पण सुरू करण्यापूर्वी क्षयरोग व इतर संसर्ग तपासणे आवश्यक आहे.

ल्युपससारख्या (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या) आजारात दोन्ही चित्रे एकत्र दिसतात. असे रुग्ण, तसेच ज्यांचे क्रिएटिनिन दिवसागणिक वाढते आहे ते, नागपूर किंवा सेवाग्रामला बायोप्सीसाठी विनाविलंब पाठवावेत. त्वचेच्या संसर्गानंतरच्या नेफ्रिटिकमध्ये कमी झालेले सी3 (रक्तातील एक संरक्षक प्रथिन) साधारण 8 आठवड्यांत पूर्ववत होते. त्यानंतरही ते कमीच राहिले, तर मूळ निदानाचा फेरविचार करून त्या मुलालाही पुढे पाठवावे.