कॅम्पिंगचा स्टोव्ह घेताय? या चुका टाळा

स्टोव्ह निवडताना बहुतेक जण त्याचं वजन बघतात आणि ज्योत केवढी ते बघतात. आधी बघायला हवं ते इंधन. जिथे जायचं तिथे ते मिळेल का? विमानात गॅसचा डबा नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिकडे मिळणार नसेल तर गॅसचा स्टोव्ह नुसता ओझ्याला.

‘पहाटे स्टोव्ह पेटतच नाही’ ही नेहमीची तक्रार, आणि दोष बिचाऱ्या स्टोव्हचा क्वचितच असतो. डब्यात नुसता ब्युटेन असेल तर शून्याच्या आसपासच त्याची वाफ होणं थांबतं. आयसोब्युटेन साधारण उणे १२ अंशांपर्यंत तग धरतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. शिवाय गॅस बाहेर पडताना डबा आणखी गार होत जातो, म्हणून हवा ४-५ अंशांवर असली तरी ज्योत मलूल होते. तेव्हा डब्यावर कोणतं मिश्रण लिहिलंय ते वाचूनच घ्या. थंडीत रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. सकाळी स्टोव्ह लावताना डबा ताटलीभर कोमट पाण्यात ठेवला तरी ज्योत सुधारते. कोमट म्हणजे हाताला सोसवेल इतकंच. डबा आगीवर शेकायचा अतिशहाणपणा नको.

वाऱ्याला आडोसा हवा, पण डब्यावरच बसणाऱ्या स्टोव्हला चारी बाजूंनी पत्रा लावू नका. उष्णता कोंडते आणि डबा फुटू शकतो. फार पसरट भांड्यानेही तेच होतं. मधूनमधून डब्याला हात लावा, गरम लागला तर लगेच बंद करा. चार-पाच जणांचा स्वयंपाक असेल तर सरळ नळीचा स्टोव्ह घ्या, डबा लांब राहतो.

रॉकेलच्या स्टोव्हचं वेगळंच. बर्नर पुरेसा तापायच्या आत रॉकेल सोडलं की भडका उडतो, भांडी काळी होतात. ज्योत फुरफुरली तर बर्नरच्या बारीक भोकात पिन मारा. पंप दाब धरत नसेल तर चामड्याच्या वॉशरला तेलाचे दोन थेंब सोडा.

स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझला समजून वरून ओतलं तर आग थेट बाटलीपर्यंत येते. स्टोव्ह पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा.

पाऊस असला तरी बंद तंबूत काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

राहिला प्रश्न डब्यात गॅस किती उरलाय याचा. हलवून अंदाज चुकतो. नवा डबा घरीच काट्यावर ठेवा आणि वजन पेनाने डब्यावरच लिहा. परतल्यावर पुन्हा वजन केलं की किती ग्रॅम जळाला ते कळतं.