मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी ओघळ

शिगम्याला फोंड्यात भर उन्हात बसून सरबतासाठी शंभरेक लिंबं पिळली. दोन दिवसांनी हात लाल होऊन चुरचुरू लागला, आठवड्याभरात तपकिरी पट्टे उमटले. शेजारच्या काकी म्हणाल्या, "नागीण गो ही, गेरू लाव." मी घाबरलेच.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "लिंबं पिळली होती का?" पट्टा अगदी रस ओघळला तसाच, खालच्या टोकाला थेंबासारखा गोल! लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाचं रसायन असतं. ते कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं, मग काळं पडतं. जळजळीवर थंड पाण्याच्या घड्या, डॉक्टरांनी दिलेलं मलम, बाहेर जाताना पूर्ण बाह्या नि सनस्क्रीन. घासायचं अजिबात नाही. डाग जायला अडीच महिने लागले. आता लिंबं सावलीत पिळते आणि साबणाने हात धुऊनच उन्हात जाते.