वचन वाचतो, पण आत मुरत नाही? या चुका टाळा

रोज बायबल उघडतो, तरी मन कोरडंच राहतं. बायबल अभ्यासाच्या गटात ही तक्रार मी किती जणांकडून ऐकली, त्याची गणती नाही. सांगणारा माणूस आवाज खाली करून सांगतो, जणू त्याच्या विश्वासातच खोट निघाली आहे. मला तसं वाटत नाही. भूक आहे म्हणूनच तर तक्रार आहे. चुकतं ते बहुतेक वेळा वाचण्यात, आणि त्या चुकण्याच्या मुळाशी घाई असते. उत्तर लवकर हवं, अध्याय लवकर संपायला हवा, दिलासाही लगेच हवा.

वचन संदर्भातून तोडणं

सगळ्यांत जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

माझी नोकरी गेली तेव्हा यिर्मया 29:11 मी कागदावर लिहून आरशाच्या कडेला लावलं होतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं परमेश्वर तिथे सांगतो. महिन्याभरात काम मिळणार, असा त्याचा अर्थ मी स्वतःच ठरवून टाकला. महिना गेला, मग आणखी दोन गेले, आणि त्या कागदाकडे बघवेना. देवाने शब्द पाळला नाही, हे मनात येत होतं आणि तसं म्हणायची भीतीही वाटत होती.

एका संध्याकाळी तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचला. ते पत्र आहे, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्यात तो त्यांना घरं बांधायला, बागा लावायला, मुलांची लग्नं करायला आणि ज्या नगरात कैदी म्हणून आलात त्याच नगरासाठी प्रार्थना करायला सांगतो. माझ्या कागदावरच्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्या वचनात, मुदत दिली आहे : 70 वर्षं. आणखी मागे, अठ्ठाविसाव्या अध्यायात, हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं मंदिरात लोकांसमोर सांगतो. तो खोटा ठरला. मी वचन यिर्मयाचं धरलं होतं आणि अर्थ हनन्याचा लावला होता, हे त्या संध्याकाळी कळलं. आशा गेली नाही, उलट तिला बूड आलं. परक्या नगरात बाग लावत राहणं हीसुद्धा देवाच्या संकल्पातली गोष्ट आहे, हे कळल्यावर रिकाम्या दिवसांकडे बघण्याची माझी नजर बदलली.

असंच फिलिप्पैकरांस 4:13 चं होतं. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो, हे वाक्य परीक्षेच्या आणि स्पर्धेच्या आधी आपण म्हणतो. प्रेषित पौल ते बंदिवासातून लिहितो आहे, आणि त्याच्या आधीचं वचन भुकेलं राहण्याबद्दल आणि उणीव सोसण्याबद्दल आहे. ईयोबाच्या पुस्तकात तर आणखी जपून वाचावं लागतं. तुझा प्रारंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, हे 8:7 मधलं वाक्य देवाचं अभिवचन म्हणून शुभेच्छांमध्ये फिरतं. बोलणारा आहे बिल्दद, ईयोबाचा मित्र. या मित्रांनी माझ्याविषयी यथार्थ भाषण केलं नाही, असं परमेश्वर शेवटच्या अध्यायात स्वतः सांगतो.

उपाय सोपा आहे. आवडलेल्या वचनाच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचायची, आणि कोण बोलतंय, कोणाशी, कोणत्या प्रसंगी, एवढं तरी विचारायचं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानही वचनच म्हणून दाखवतो, स्तोत्र 91 मधलं. येशू त्याला ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातून उत्तर देतो. वचनाला वचनाच्या शेजारी ठेवून वाचणं आपण तिथूनच शिकायचं.

आकडा गाठण्याचं ओझं

प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. वर्षभरात संपवायचं तर रोज तीनहून थोडे जास्त. (कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं, म्हणजे आणखी जास्त.) हिशेब सोपा दिसतो. उत्पत्ती आणि निर्गम मिळून 90 अध्याय, म्हणजे जानेवारीच्या शेवटी लेवीय हे नियमांचं पुस्तक सुरू होतं, आणि बऱ्याच जणांचं वाचन तिथेच थांबतं. त्यातच चार दिवस चुकले की तेरा अध्याय डोक्यावर. मग आधी अपराधी वाटतं, आणि नंतर बायबलच टाळावंसं वाटतं.

मागचं भरून काढू नका. सुटले ते दिवस सुटले, आज आजचं वाचा. योजना अगदीच कोलमडली असेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, आणि एकदा संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावं.

आणि लेवीय कंटाळवाणं वाटतं म्हणून कायमचं बाजूला ठेवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. तेराव्या अध्यायात चर्मरोगाचे नियम आहेत. याजक चट्टा बघतो, माणसाला सात दिवस कोंडून ठेवतो, पुन्हा बघतो. रोग ठरला की त्या माणसाने फाटके कपडे घालायचे, अशुद्ध, अशुद्ध असं ओरडायचं आणि छावणीबाहेर एकटं राहायचं. हे सावकाश वाचा आणि लगेच मार्क 1:40 उघडा. एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. बरा हो हे नुसतं म्हणूनही चाललं असतं, पण तो आधी स्पर्श करतो. मग त्याला याजकाकडे पाठवतो आणि मोशेने नेमलेलं अर्पण करायला सांगतो. ते अर्पण लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्या माणसाला किती दिवस कोणी शिवलं नसेल, हे लेवीय वाचल्याशिवाय जाणवत नाही.

नुसत्या डोळ्यांनी वाचणं

पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे. तिथला मूळ इब्री शब्द पुटपुटण्याचा आहे. यशया संदेष्ट्याने तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी वापरला आहे. म्हणजे मनन तोंडानेही करायचं असतं. वाचलेलं आठवत नसेल तर उतारा मोठ्याने वाचा, मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत स्वतःला सांगा. जिथे अडखळाल तिथेच पुन्हा वाचा. स्तोत्र 119 यासाठी चांगलं आहे. आठ-आठ वचनांची 22 कडवी आहेत, रोज एक पुरे. वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

वाचलेल्यातली एक गोष्ट त्याच दिवशी करायची, याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातल्या त्या माणसासारखं आरशात तोंड पाहून विसरायचं नाही.

कोरड्या दिवसांना पाप समजणं

एलीयाची गोष्ट इथे मला फार जवळची वाटते. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला हा संदेष्टा पुढच्याच अध्यायात (1 राजे 19) एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागावत नाही आणि उपदेशही करत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत उठवतो तो निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देण्यासाठी. एलीया खातो, पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचा प्रश्न येतो तो या सगळ्यानंतर, डोंगरावर. म्हणून प्रार्थना सुचत नसेल तेव्हा आधी आपली झोप आणि जेवण नीट आहे का, ते बघा. उदासी अनेक आठवडे हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. त्यात अविश्वास नाही.

आणि देवाशी बोलताना चेहरा हसरा ठेवायची सक्ती नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. स्वतःचे शब्द संपले की ते मोठ्याने वाचा आणि तेवढीच प्रार्थना होऊ द्या.

सगळं एकट्यानेच समजून घेण्याचा हट्ट

प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये हबशी राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतो आहे. तो मोठ्याने वाचत होता, म्हणून तर सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला ऐकू आलं. वाचता ते समजतं का, असं फिलिप्प विचारतो. कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार, असं म्हणून तो अधिकारी त्याला रथात शेजारी बसवून घेतो. मग नेमका प्रश्न विचारतो : संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी?

तुम्हांलाही वाचताना असे प्रश्न पडतात. ते लाजेने गिळू नका. वहीत लिहा, शेजारी अध्याय आणि वचनाचा आकडा टाका, आणि पुढच्या वेळी पाळकांना किंवा गटात तुमच्यापेक्षा जास्त वाचलेल्या कोणाला तरी विचारा. उत्तर मिळालं की पौलाचं ऐकल्यावर बिरुया नगरातल्या लोकांनी केलं तसं करा : घरी येऊन ते शास्त्रातून पडताळून बघा.